इंजिनचा ताप आणि व्यापाऱ्याचा हिशेब

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख वाचकांना करून देण्याची गरज नाही. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. याच शहरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. दोन्ही टोके पाहिली तर फरक चव्वेचाळीस अंशांहून अधिक भरतो. मात्र गाडीच्या इंजिनमधून फिरणाऱ्या पाण्याचे तापमान अशा दोन्ही दिवशी जवळजवळ सारखेच, म्हणजे नव्वद अंशांच्या आसपास असावे लागते. ते त्याच्या खूप खाली राहिले तरी नुकसान आणि खूप वर गेले तरी नुकसान. वर गेल्याचे नुकसान सगळ्यांना दिसते, कारण बॉनेटमधून वाफ निघते. खाली राहिल्याचे नुकसान दिसत नाही. ते हळूहळू पेट्रोलच्या बिलातून आणि इंजिनच्या आयुष्यातून वसूल होते.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा आज चाकांवर चालतो. सदरहून गांधीबाग-इतवारीला माल आणायला जाणारा कापड दुकानदार असो, कामठीला फेऱ्या मारणारा असो, की आठवडी बाजारात गाठोडी घेऊन जाणारा फेरीवाला असो, व्हॅन किंवा छोटी मालगाडी सर्वांच्याच खर्चाच्या वहीत बसलेली आहे. दुसरे म्हणजे, या पानाच्या वाचकांत मोटार दुरुस्ती करणारे, रेडिएटर झाळणारे आणि वायरिंग करणारे कारागीर बंधूही पुष्कळ आहेत. एकाच गोष्टीकडे गिऱ्हाईक एका बाजूने पाहतो आणि कारागीर दुसऱ्या बाजूने. दोघांच्या मध्ये काही चुकीच्या रीती पडून गेल्या आहेत. त्यांतील सर्वांत महाग रीत म्हणजे उन्हाळा आला की इंजिनचा थर्मोस्टॅट काढून टाकणे. प्रस्तुत लेखात तिचा हिशेब मांडायचा आहे.

पाणी कशासाठी फिरते?

इंजिनमध्ये पेट्रोल किंवा डिझेल जळते तेव्हा सिलिंडरच्या आतील वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांच्या वर जाते. जळालेल्या इंधनातून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा हिस्सा धुराड्यातून बाहेर जातो आणि उरलेला तिसरा हिस्सा इंजिनच्या धातूत शिरतो. हा शेवटचा हिस्सा बाहेर काढला नाही तर तेल जळेल, पिस्टन अडकेल आणि इंजिन बंद पडेल. म्हणून ब्लॉक आणि हेड यांच्या पोकळ भिंतींतून पाणी फिरवले जाते. ते पाणी उष्णता उचलते, होजपाइपातून रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्याला उष्णता देते आणि परत इंजिनमध्ये जाते.

सुरुवातीच्या काळात ही व्यवस्था फार साधी होती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, पहिल्या काही गाड्या सोडल्या तर, पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढे आणि थंड झालेले खाली येई. त्याआधी, १९०० साली, जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. थोड्या जागेत जास्त वारा लागावा, ही त्यामागची कल्पना. आजचा रेडिएटर त्याच कल्पनेवर उभा आहे.

आपल्याकडील अॅम्बेसेडर आणि फियाट गाड्यांत पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन हळू तर पंखाही हळू. त्यामुळे बाजाराच्या गर्दीत, जेथे वाऱ्याची सर्वांत जास्त गरज, तेथेच पंखा सर्वांत कमी चालायचा. पेट्रोलच्या पंपात वाफ अडकून गाडी बंद पडली की त्यावर ओला फडका टाकण्याचा इलाज जुन्या ड्रायव्हरांना पाठ असे. अॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, मारुती ८०० चेही त्याच वर्षी थांबले. आता पंखा विजेवर चालतो आणि पेट्रोलचा पंप टाकीत बसलेला असतो. गाड्या बदलल्या, परंतु त्या काळातील काही समजुती मात्र आपण अजून सोडलेल्या नाहीत.

नव्वद अंशच का?

पुष्कळांना वाटते की इंजिन जितके थंड तितके चांगले. हे खरे नाही. इंजिनचे सगळे भाग एका ठराविक तापमानाला एकमेकांत नीट बसावेत अशा मापाने बनवलेले असतात. पिस्टन तापल्यावर थोडा फुगतो आणि बोअरमध्ये बरोबर बसतो. तेल तापल्यावर पातळ होते आणि बारीक फटींत पोहोचते. पेट्रोल तापलेल्या इंजिनमध्ये नीट वाफ होऊन हवेत मिसळते. ही सारी कामे पाणी साधारण पंच्याऐंशी ते शंभर अंशांच्या दरम्यान असताना चांगली होतात. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा असतो आणि तो कंपनीच्या पुस्तकात पाहावा.

हे तापमान राखण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या वाटेवर बसवलेला हा छोटा वॉल्व आहे. त्याच्या पितळी डबीत खास जातीचे मेण भरलेले असते. गाडी थंड असताना मेण घट्ट असते आणि वॉल्व बंद असतो. पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच घोळत राहते आणि लवकर तापते. बऱ्याच गाड्यांत ब्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी अंशांच्या दरम्यान मेण वितळू लागते, फुगते, दांडीला ढकलते आणि वाट उघडते. आणखी दहा-बारा अंश चढले की वाट पूर्ण उघडलेली असते. विजेची तार नाही, बटण नाही. मेणाच्या एका गोळीवर हजारो रुपयांचे इंजिन अवलंबून असते.

थंड इंजिनचा छुपा खर्च

कार्ब्युरेटरच्या जमान्यात थंड गाडी सुरू करताना चोक ओढावा लागे. म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. गाडी तापली की चोक आत ढकलायचा. आता हे काम गाडीतला संगणक करतो. पण पाणी किती तापले हे त्याला कसे समजणार? त्यासाठी पाण्यात एक सेन्सर बुडवलेला असतो. थंड असताना विजेला त्याचा विरोध जास्त असतो, साधारण दोन-तीन हजार ओहम. नव्वद अंशांवर तो दोन-तीनशे ओहमवर येतो. हा आकडा वाचून संगणक ठरवतो की पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा टाकायची, इंजिन उभ्या गाडीत किती फेऱ्यांवर चालवायचे आणि पंखा केव्हा लावायचा.

आता विचार करा. पाणी साठ-पासष्ट अंशांच्या वर चढतच नसेल, तर संगणकाच्या हिशेबी गाडी अजून थंड आहे. तो पेट्रोल जरा सैल हाताने सोडत राहील. जास्तीचे पेट्रोल पूर्ण जळत नाही. प्लग काळे पडतात, धूर वाढतो, सायलेन्सरमधील धूर शुद्ध करणारे महाग यंत्र खराब होते. काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळते आणि तेल पाणचट करते. भिंतीवरचे तेल धुतले गेले की रिंगा आणि बोअर एकमेकांना घासतात. तेल घालायचे झाकण उघडल्यावर आतून दुधाच्या सायीसारखा थर दिसला, तर पुष्कळदा त्याचे कारण हेच असते. इंजिन पुरते तापत नाही म्हणून आतील दमटपणा उडून जात नाही. अर्थात हेड गॅसकेट फुटून पाणी तेलात गेले तरी असाच थर दिसतो, म्हणून तपासून घ्यावे.

सदर ते गांधीबाग हे अंतर चार-पाच किलोमीटरचे. हिवाळ्यात इंजिन पुरते तापायला जवळपास तेवढेच अंतर लागते. म्हणजे गाडी तापेपर्यंत आपण दुकानाशी पोहोचलेले असतो. माल उतरवण्यात दोन तास जातात, गाडी पुन्हा थंड होते आणि परतीचा प्रवासही थंड इंजिनवर होतो. अशा छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला चांगल्या थर्मोस्टॅटची गरज लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा अधिक आहे.

हिशेबच करून पाहू. समजा, गाडी महिन्याला हजार किलोमीटर चालते आणि लिटरला पंधराचा अॅव्हरेज देते. पेट्रोल सुमारे सदुसष्ट लिटर लागेल. अॅव्हरेज केवळ एका किलोमीटरने उतरून चौदावर आला, तर तेच पेट्रोल एकाहत्तर लिटरच्या वर जाते. पावणेपाच लिटरचा फरक. पेट्रोल शंभर रुपये धरले तरी महिन्याला पावणेपाचशे आणि वर्षाला पाच हजार सातशे रुपये. आपण कापडवाले मीटरमागे आठ आण्यांसाठी घासाघीस करतो. ही रक्कम मात्र मुकाट्याने जाऊ देतो, कारण ती कोणत्याही बिलावर वेगळी लिहिलेली नसते.

गरम इंजिनचा उघड खर्च

आता दुसरी बाजू. उन्हाळ्यात गाडीला दम लागतो, चढावर ओढत नाही, एसी लावला की मरगळते, ही तक्रार नेहमीची. यातील काही भाग हवेचाच आहे. पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा सत्तेचाळीस अंशांची हवा सुमारे सात टक्के विरळ असते. इंजिनला तितका प्राणवायू कमी मिळतो आणि जोर कमी होतो. याला इलाज नाही.

पण पाणीही हद्दीबाहेर तापले तर आणखी जोर जातो. सिलिंडरच्या भिंती फार तापल्या की पेट्रोल आणि हवेचे मिश्रण वेळेआधीच भडकते. खड्यांसारखा टकटक आवाज येतो, ज्याला नॉकिंग म्हणतात. त्यातून पिस्टनला मार बसतो. नव्या गाडीचा संगणक हा धोका ओळखून ठिणगी उशिरा टाकतो, काही गाड्यांत एसी बंद करतो, काहींत इंजिनचा जोरच बांधून टाकतो. गाडी मरगळली म्हणून जोरात अॅक्सिलरेटर दाबणारा ड्रायव्हर आजारी घोड्याला चाबूक मारत असतो.

यापुढची पायरी हेडची. पुष्कळ इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. मर्यादेत असताना गॅसकेट हा फरक सांभाळते. मर्यादा सुटली की हेड वाकते, गॅसकेट फुटते, पाणी तेलात आणि तेल पाण्यात जाते. मग हेड उघडा, फेसिंग करा, नवे गॅसकेट, नवे तेल, मजुरी आणि गाडी बंद राहिलेले दिवस. लग्नसराई याच दिवसांत असते, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. माल वेळेवर पोहोचला नाही तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरे दुकान पाहते.

माझ्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची व्हॅन मे महिन्यात छिंदवाड्याच्या वाटेवरील सिल्लेवानी घाटात तापली. ड्रायव्हरने काटा लाल रेघेकडे जाताना पाहिला. थोड्या वेळाने काटा एकदम खाली आला. गाडी थंड झाली असे समजून तो पुढे चालत राहिला. खरे तर होजपाइप फाटून पाणी सगळे सांडले होते. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. पाणीच उरले नाही तर तो कोरड्या जागेत लटकतो आणि काटा खोटे बोलतो. इंजिन जाम झाले. घाटात अचानक खाली आलेला काटा ही आनंदाची बातमी समजू नये, गाडी ताबडतोब उभी करावी.

थर्मोस्टॅट काढण्याची रीत

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. नवतपा जवळ आला की गिऱ्हाईक गॅरेजमध्ये येऊन स्वतःच सांगतो, वॉल्व काढून टाका, गाडी थंड राहील. उस्तादही काढून देतो, कारण पाच मिनिटांचे काम आहे आणि गिऱ्हाईक खूश होतो.

हे समजून घेतले पाहिजे की थर्मोस्टॅट गाडी थंड करण्याच्या आड येत नाही. पाणी पंच्याण्णव अंशांवर गेले की तो पूर्ण उघडलेलाच असतो. त्या वेळी रेडिएटरची जेवढी ताकद आहे तेवढी सगळी वापरात आलेली असते. वॉल्व काढल्याने रेडिएटर मोठा होत नाही. अडकून बसलेला, न उघडणारा थर्मोस्टॅट असेल तर तो बदलावा. काढून जागा रिकामी ठेवणे हा इलाज नव्हे.

उलट काही गाड्यांत वॉल्व काढल्याने गाडी जास्तच तापते. या गाड्यांचा थर्मोस्टॅट दोन कामे करतो. रेडिएटरची वाट उघडताना तो इंजिनमधील जवळची आडवाट बंद करतो. थर्मोस्टॅटच नसेल तर ही आडवाट कायम उघडी राहते. तापलेल्या पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच इंजिनमध्ये परत जातो. सकाळच्या थंडीत गाडी तापत नाही आणि दुपारच्या चढावर उकळते. एका दगडात दोन्ही नुकसाने.

सीएनजी किंवा एलपीजीच्या गाड्यांना आणखी एक कारण आहे. दाबाखालचा गॅस मोकळा होताना फार थंड होतो. तो गोठून अडकू नये म्हणून त्याच्या रेग्युलेटरमधून इंजिनचे गरम पाणी फिरवलेले असते. पाणी ठराविक तापमानाला पोहोचेपर्यंत बहुतेक गाड्या पेट्रोलवरच चालतात. थर्मोस्टॅट काढला तर गाडी जास्त वेळ पेट्रोल पिते. स्वस्त गॅससाठी किट बसवायचे आणि मग त्याला उशिरा जागे करायचे, हा कसला हिशेब?

पंखा थेट बॅटरीला जोडून सतत चालू ठेवण्याची रीतही अशीच आहे. सेन्सर किंवा रिले बिघडला असेल तर रस्त्यात तात्पुरता इलाज म्हणून ठीक. पण वर्षभर तसेच ठेवले तर पंख्याची मोटर झिजते, अल्टरनेटरवर भार पडतो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

झाकण, पाणी आणि कूलंट

कापडाच्या धंद्यातील लोकांना एक गोष्ट ठाऊक असेल. पॉलिस्टर कापड रंगवायला साधारण १३० अंशांचे पाणी लागते. उघड्या कढईत पाणी शंभरावर उकळते आणि पुढे चढत नाही. म्हणून बंद यंत्रात दाबाखाली रंगवतात. घरातील प्रेशर कुकरचेही तेच तत्त्व. रेडिएटरचे झाकणही हेच काम करते. बऱ्याच गाड्यांत ते हवेच्या दाबापेक्षा जवळजवळ एक बार जास्त दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी एकशे वीस अंशांच्या आसपासपर्यंत उकळत नाही. झाकणाचा रबर कडक झाला किंवा स्प्रिंग सैल पडली की दाब टिकत नाही आणि गाडी विनाकारण उकळते. इंजिन उघडण्याआधी झाकण तपासावे. सर्वांत स्वस्त वस्तू ही आहे.

पाण्याचेही तसेच. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. घरच्या कूलरच्या ताट्यांवर एका उन्हाळ्यात पांढरा थर बसतो हे प्रत्येक नागपूरकराने पाहिलेले आहे. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये टाकले तर तोच थर बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या आत बसतो. तेथे तो दिसत नाही आणि हाताने झटकताही येत नाही. म्हणून बॅटरीसाठी वापरतात तसे शुद्ध पाणी आणि त्यात कूलंट वापरावे.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा सवाल येतो. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळते, आतून गंज धरत नाही आणि वॉटर पंपाचे सील टिकते. साधारणपणे अर्धे पाणी आणि अर्धे कूलंट हे प्रमाण चालते. नुसते कूलंट भरणेही चुकीचे आहे, कारण उष्णता उचलण्याची ताकद पाण्यात अधिक असते. बाजारात तयार मिसळलेले कूलंटही मिळते. त्यात पुन्हा पाणी घालू नये. वेगवेगळ्या जातींचे कूलंट एकत्र करू नये. ठराविक मुदतीनंतर ते बदलावे, कारण त्यातील गंजरोधक मसाला संपतो. कूलंट चवीला गोडसर आणि विषारी असते. मुले आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे, उघड्या गटारात किंवा अंगणात ओतू नये.

कोठे तापते, यावरून रोग ओळखा

रेडिएटर उष्णता किती देणार, हे पाणी आणि वारा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी पंच्याण्णव आणि हिवाळ्याचा वारा पंधरा, तर फरक ऐंशी. मे महिन्यात वारा पंचेचाळीस, तर फरक पन्नास. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते. तिच्यातून येणारा वारा आणखी तापलेला असतो, म्हणजे फरक चाळीसपर्यंत उतरतो. हिवाळ्याच्या मानाने ताकद निम्मी. हिवाळ्यात झाकून राहिलेली कसर म्हणूनच उन्हाळ्यात उघडी पडते.

गाडी बाजाराच्या गर्दीत किंवा सिग्नलवर तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक राहते, तर प्रथम पंखा, त्याचा फ्यूज, रिले आणि सेन्सर पाहावा. गाडी शहरात ठीक आणि हायवेवर किंवा घाटात तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला असण्याचा संभव अधिक. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि पूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. तेथे मोटारींना १२० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. तासन्‌तास अशा वेगाने चालताना इंजिन भरपूर उष्णता टाकते. शहरात वर्षभर निभावलेला अर्धा चोंदलेला रेडिएटर तेथे तासाभरात उघडा पडतो.

गाडी सकाळी तापायला फार वेळ घेते आणि अॅव्हरेज उतरला आहे, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा कोणीतरी काढला आहे. पाणी रोज कमी होते पण गळती दिसत नाही, तर झाकण, वॉटर पंप आणि शेवटी हेड गॅसकेट तपासावे.

विदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कापूस आणि जिनिंगच्या भागातून फिरणाऱ्या गाड्यांच्या जाळ्यांत तूस आणि धूळ भरते. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मध्ये तर गादीच तयार होते. उन्हाळ्यापूर्वी ती काढून, पाण्याच्या हलक्या धारेने आतून बाहेर अशी धुऊन घ्यावी. जोराच्या धारेने पाती वाकतात.

रस्त्यात तापली तर

एसी बंद करावा. गाडीत हीटर असेल तर तो पूर्ण लावून खिडक्या उघडाव्या. उन्हाळ्यात हे वेड्यासारखे वाटेल, पण हीटर म्हणजे इंजिनची उष्णता बाहेर टाकणारा दुसरा छोटा रेडिएटरच असतो. काटा उतरला नाही, किंवा लाल दिवा लागला, तर सावली पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. झाकण लगेच उघडू नये. आतील दाबाखालचे पाणी तोंडावर आणि हातांवर उसळते आणि कातडी सोलून निघते. किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनवर किंवा आत एकदम थंड पाणी ओतू नये, धातूला तडा जातो.

आजकाल पुष्कळ छोट्या गाड्यांत काटाच नसतो. थंड असताना निळा आणि फार तापल्यावर लाल असे दोन दिवे असतात. लाल दिवा लागला म्हणजे वेळ थोडाच उरला आहे, असे ड्रायव्हरला बजावून ठेवावे. काटा असलेल्या अनेक गाड्यांतही तो मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. तापमान वीस-तीस अंशांनी हलले तरी तो जागचा हलत नाही.

कारागीर बंधूंसाठी

म्हणूनच खरा आकडा पाहायला शिकले पाहिजे. एप्रिल २०१३ पासून आपल्या मोटारींत दुसऱ्या टप्प्याची बिघाड-तपासणी व्यवस्था आली. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला छोटे यंत्र जोडले की पाण्याचे तापमान आकड्यात दिसते. साधे यंत्र महाग नसते आणि मोबाइलवरही चालते. हाताने होजपाइप चाचपून पाहणाऱ्या उस्तादाचा अनुभव खोटा नाही. पण हात आणि आकडा दोन्ही असतील तर गिऱ्हाईकाशी वाद होत नाही.

तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळण्याचा धंदा आटला आहे, हे खरे. आता अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी येते, ती झाळता येत नाही, बहुधा बदलावीच लागते. पण उष्णता हाताळण्याचे काम संपलेले नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही ते आहे. टाटा नेक्सॉन ईव्ही सारख्या गाडीच्या बॅटरीला कूलंट, पंप आणि रेडिएटर आहेत. बॅटरीला तर इंजिनपेक्षाही नाजूक तापमान लागते. ज्याला आज पाण्याचा प्रवाह, दाब आणि सेन्सर समजला, त्याला उद्याचे काम परके वाटणार नाही. सदरमध्येच अंजुमनचे पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेज आहे. शिकलेली मुले आणि हाताने काम करणारे उस्ताद यांनी एकमेकांच्या दारी जायला हवे. त्यात दोघांचाही फायदा आहे.

व्यापारी बंधूंना शेवटची विनंती एवढीच. होळी झाली की एक दिवस गाडीसाठी काढावा. झाकण, होजपाइप, पट्टा, पंखा, जाळी आणि कूलंट तपासून घ्यावे. थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही, हे विचारावे. नसेल तर गाडीच्या मापाचा, चांगल्या कंपनीचा बसवून घ्यावा. आणि उस्तादाने तो काढायला नकार दिला, तर त्याच्यावर रागावू नये. तो आपले पाच मिनिटांचे काम आणि मजुरी सोडून आपला वर्षाचा खर्च वाचवत आहे. असे गॅरेज सापडले तर सोडू नये.